डन्स रिव्हर धबधबा चढायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर, ओचो रिओस गावापासून तीनेक किलोमीटरवर, डन्स रिव्हर नावाची छोटीशी नदी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत थेट समुद्रात पडते. आणि समुद्राकडून उलटं, पाण्यातूनच, ती चढून जाता येते. आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा क्रूझमधून, सासूसासरे आणि दोन मुलांसह, आणि बरंच काही चुकलं. दुसऱ्यांदा गावातच दोन रात्री राहिलो आणि तोच धबधबा वेगळा वाटला. तेव्हापासून ओळखीपाळखीतले जे प्रश्न विचारत आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

नेमकं चढायचं काय असतं? दोरी, हेल्मेट वगैरे?

काही नाही. डोळ्यांसमोर एखादा प्रचंड, वेडावाकडा घाट आणा, ज्याच्या प्रत्येक पायरीवरून पाणी वाहतंय. उंची सुमारे १८० फूट आणि लांबी सुमारे ६०० फूट सांगतात, म्हणजे उभा कडा नाही. चार-सहा पायऱ्या चढल्या की एक उथळ डोह येतो, तिथे लोक बसतात, डुंबतात, फोटो काढतात, मग पुढचा टप्पा. थांबत-थांबत तास ते दीड तास लागतो. बाजूने कोरड्या पायऱ्यांचा रस्ता वरपर्यंत जातो आणि मधूनमधून पाण्यातून त्या रस्त्यावर निघता येतं. पहिल्या टप्प्यावरच "हे आपलं काम नाही" असं वाटलं तर निमूट बाहेर पडायची सोय आहे.

एक गोष्ट आधी कळली तर गोंधळ होत नाही: प्रवेशद्वार वर, रस्त्याच्या बाजूला आहे. तिकीट काढून आधी पायऱ्यांनी खाली समुद्रकिनाऱ्यावर जायचं आणि तिथून चढायला सुरुवात करायची.

आपल्याकडे तर धबधब्यातल्या दगडावर पायच ठेवू नका म्हणतात. इथे लहान मुलंसुद्धा कशी चढतात?

आपल्याकडे म्हणतात ते बरोबरच आहे आणि इथून परत गेल्यावर ते विसरू नका. फरक दगडाचा आहे.

जमैकाचा बराचसा भाग चुनखडीचा. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत जातं. तेच पाणी झऱ्यातून बाहेर येऊन उड्या मारू लागलं की त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना दगडावर बसतो. गिझरच्या कॉइलवर क्षारांचा पांढरट थर चढतो ना, जवळपास तसंच. या थरांच्या दगडाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. पाणी जिथे काठावरून खाली पडतं तिथे ते जास्त घुसळतं, वायू जास्त सुटतो, म्हणून थरही काठावरच जास्त चढतो. पायरीची कड वाढत जाते, तिच्यामागे पाणी तुंबतं आणि डोह तयार होतो. पायऱ्या कुणी घडवलेल्या नाहीत, पाण्यानेच रचल्या आहेत, आणि अजून रचतंय. इतर धबधबे दगड झिजवत मागे सरकतात, हा स्वतःचा दगड स्वतः बांधतो.

म्हणून तळव्याला तो कसा लागतो, तर नुकताच टाकी लावून आणलेल्या पाट्यासारखा. खरखरीत. पांढरं, फेसाळ पाणी जोरात वाहतंय तिथे पाऊल घट्ट बसतं. घात होतो तो बरोबर उलट्या जागी: कडेला, सावलीत, पाणी संथ आहे आणि दगड हिरवट दिसतो तिथे. शेवाळ तिथेच धरतं. माणसाची सहजप्रवृत्ती जोराचं पाणी टाळून कडेने जायची असते. इथे ती बाजूला ठेवा आणि पांढऱ्या पाण्यातून चढा.

जगात अशा चुन्याच्या धबधब्यांची उदाहरणं आणखी आहेत. थायलंडमध्ये चिआंग माईजवळचा बुआ तोंग हा 'चिकट धबधबा' म्हणूनच ओळखला जातो. पण समुद्रात थेट पडणारे फार थोडे. डन्स रिव्हरचं खरं वैशिष्ट्य ते आहे.

कुठल्या दिवशी आणि किती वाजता जावं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. धबधबा वर्षभर तिथेच आहे. गर्दी मात्र बोटीतून येते. ओचो रिओसच्या धक्क्याला क्रूझ लागली की हजारो माणसं गावात उतरतात आणि त्यातली मोठी संख्या बसमध्ये बसून इथेच येते. शिवाय पश्चिमेकडच्या फालमथ बंदरातूनही सहलीच्या बस येतात, तिथून साधारण तासाभराचा रस्ता आहे. दोन बोटी एकाच दिवशी आल्या तर धबधब्यात पाणी कमी आणि माणसं जास्त दिसतात. पहिल्या खेपेला आम्ही एका डोहात वीसेक मिनिटं उभे होतो, पुढची रांग हलेना म्हणून. आधी मजा वाटली, मग थंडी वाजायला लागली, मग धाकट्याला शू लागली.

म्हणून आधी बोटींचं वेळापत्रक पाहा, मग तारीख ठरवा. बंदरात कुठल्या दिवशी कुठली बोट येणार हे महिनोन्‌महिने आधी इंटरनेटवर असतं. बंदराचं नाव आणि महिना टाकून शोधलं की सापडतं. ओचो रिओस आणि फालमथ दोन्ही तपासा. दोन्हीकडे बोट नाही असा दिवस मिळाला तर लॉटरीच.

नाही मिळाला तर उघडण्याच्या वेळेला दारात हजर राहा. एरवी उद्यान सकाळी साडेआठच्या सुमारास उघडतं आणि बोटी असतील त्या दिवशी त्याहून लवकर. बसचा पहिला लोंढा यायच्या आत तुम्ही अर्ध्यावर असलात तर निम्मी लढाई जिंकलात. दुसरी फट दुपारी दोननंतरची: बोटीवाल्यांना परतीचे वेध लागलेले असतात. पण तेव्हा ऊन कलतं, झाडीमुळे पाण्यावर सावली येते आणि गार वाटतं. शेवटचा प्रवेश किती वाजता, हे त्या दिवशी विचारून घ्या.

स्थानिक सुट्ट्या विसरू नका. १ ऑगस्ट हा गुलामगिरीतून मुक्तीचा दिवस आणि ६ ऑगस्ट स्वातंत्र्यदिन (१९६२). त्या आठवड्यात जमैकन कुटुंबं स्वतः किनाऱ्यांवर येतात. गाणी, खाणं, कल्ला. आवडत असेल तर मुद्दाम तेव्हाच जा.

महिना कोणता?

डिसेंबर ते एप्रिल कोरडा, म्हणून महाग आणि गजबजलेला. पाऊस मे आणि ऑक्टोबरमध्ये सर्वात जास्त. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर मेलिसा वादळाने बेटाच्या पश्चिम भागाची काय दशा केली ते बातम्यांत पाहिलं असेलच. मला विचाराल तर एप्रिलचा उत्तरार्ध: पर्यटकांची लाट ओसरत आलेली आणि मेचा पाऊस अजून यायचा.

तिथे पोचायचं कसं?

मोंटेगो बे विमानतळापासून ओचो रिओस साधारण १०० किलोमीटर, किनाऱ्याकिनाऱ्याने चांगला रस्ता, पावणेदोन तास धरा. किंग्स्टनहून येत असाल तर २०१६ पासूनचा उत्तर-दक्षिण महामार्ग आहे. टोल पडतो, पण डोंगरातले जुने घाट वाचतात. गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भारतात गाडी शिकलेल्याला सोपं जातं. अमेरिकेत शिकलेल्याची मात्र पहिल्या चौकात भंबेरी उडते. आमच्या घरात दोन्ही प्रकारचे चालक आहेत, म्हणून सांगते.

गाडी नको असेल तर नट्सफर्ड एक्स्प्रेस ही एसी बस मोंटेगो बे, ओचो रिओस आणि किंग्स्टनला जोडते. गावातून धबधब्यापर्यंत टॅक्सी. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट लाल असते, ती पाहूनच बसा, आणि भाडं बसण्याआधी ठरवा. माणशी की गाडीचं, जाण्याचं की जाऊन-येऊन, आणि कुठल्या डॉलरमध्ये, या तिन्ही गोष्टी तोंडाने म्हणून घ्या.

"कुठल्या डॉलरमध्ये" म्हणजे?

जमैकाचा स्वतःचा डॉलर आहे आणि एका अमेरिकी डॉलरला साधारण १५५ ते १६० जमैकन डॉलर मिळतात. पाटीवर नुसतं डॉलरचं चिन्ह असेल तर विचारा. पर्यटकांच्या भागात अमेरिकी डॉलर सर्रास चालतात, पण सुटे परत मिळतात जमैकन डॉलरमध्ये आणि दर दुकानदाराचा. एक-एक, पाच-पाचच्या नोटा भरपूर ठेवा.

परदेशी प्रौढाचं तिकीट २५ अमेरिकी डॉलरच्या आसपास, मुलांचं कमी. किनारा त्यातच येतो. लॉकर, बूट यांचे पैसे वेगळे. बोटीवरून सहल घेतली तर याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. त्या जादा पैशांत काय मिळतं ते शेवटच्या प्रश्नात लिहिलंय.

व्हिसा, कागदपत्रं?

विमानाने येणाऱ्यांनी सी-५ नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तो मोफत आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती सरकारी नाही, बंद करा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. क्रूझ अमेरिकेतून निघून तिथेच परतणार असेल तर व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघा. बाकी नियम बदलत असतात, आपल्या पासपोर्टसाठी ताजी माहिती दूतावासाच्या साइटवर वाचावी.

गाइड घ्यायलाच हवा का? आणि ती हात धरून साखळी?

पहिल्यांदा जात असाल तर गाइड घ्या. त्याला प्रत्येक दगड पाठ असतो: कुठे पाऊल ठेवायचं, कुठल्या डोहात मध्येच खड्डा आहे, कुठल्या पायरीला डावीकडून वळसा घालायचा. आमचा गाइड पाठमोरा, उलटा चालत चढत होता, आमच्याकडे बघत गप्पा मारत, आणि एकदाही खाली वाकून पाहिलं नाही. कॅमेरेही तेच गळ्यात अडकवून घेतात. एकाच्या गळ्यात मी सहा मोजले. शेवटी टिप अपेक्षित असते आणि ती द्यावी. कुटुंबामागे दहा ते वीस डॉलर दिले तर दोघांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

साखळीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वीस-पंचवीस अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात धरून चढायचं, मध्येच गाइड ओरडायला लावतो, सगळे ओरडतात. फोटो झकास येतो. पण साखळीत तुमचे दोन्ही हात दुसऱ्यांच्या हातात असतात आणि पुढचा घसरला की मागचा ओढला जातो. चढताना तीन टेकू असावेत, दोन पाय आणि एक हात दगडावर, किंवा दोन हात आणि एक पाय. साखळीत हे जमत नाही. सासूबाईंचा गुडघा त्या दिवशी असाच फुटला: त्या नीट उभ्या होत्या, त्यांच्या पुढच्या बाईंनी फोटोसाठी हात वर केला. त्यामुळे डोहात, सपाटीवर हात धरा, उंच पायरीवर "एक मिनिट हं" म्हणून सोडा. गाइड समजून घेतात. घरच्या चार-पाच जणांचा छोटा गट असेल तर स्वतंत्र गाइड मागता येतो, आणि दुसऱ्या खेपेला आम्ही तेच केलं.

पायात काय घालू? पंजाबी ड्रेस चालेल का?

पायात रबरी तळाचे, टाचेला घट्ट बसणारे वॉटर शूज. तिथे भाड्याने आणि विकतही मिळतात, पण भाड्याचे शेकडो पायांनी झिजलेले असतात आणि आपल्या मापाचे मिळतीलच असं नाही. घरून न्या. चप्पल, फ्लोटर, क्रॉक्स काही चालत नाही; पहिल्या दहा मिनिटांत एक तरी एकटी चप्पल समुद्राकडे निघालेली दिसतेच. अनवाणी चढणारे गाइड दिसतात, त्यांचं अनुकरण नको.

पोहण्याचा पोशाख उत्तम, पण तोच हवा असं काही नाही. अंगाबरोबर बसणारी लेगिंग आणि टी-शर्ट छान चालतं, सासूबाई तशाच चढल्या. ओढणी, पायघोळ कुर्ता, साडी नको, ती पाण्याने पायांना गुंडाळते. जीन्स तर मुळीच नको. भिजली की दोन किलोची होते आणि गुडघा वाकत नाही. कोरडे कपडे आणि टॉवेल वर लॉकरमध्ये, म्हणजे चढून आल्यावर लगेच हाताशी.

पोहता येत नाही.

चढायला पोहणं लागत नाही, पाणी बहुतेक ठिकाणी घोट्यापासून कमरेपर्यंत. एक-दोन डोह खोल आहेत, गाइड सांगतो, तिथे उतरू नका.

आईबाबा सत्तरीचे आहेत. त्यांना न्यावं का?

न्यावं. चढवावं की नाही ही गोष्ट वेगळी. गुडघे, कंबर, हृदय किंवा तोल यांपैकी काही दुखणं असेल तर पाण्यातून नको. गरोदर बायकांनीही नको. बाजूच्या पायऱ्यांवरून सगळा धबधबा दिसतो आणि मध्ये थांबून बघायच्या जागा आहेत. आमचे सासरे टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन तिकडून निघाले, प्रत्येक टप्प्यावर आमच्या आधी पोचले आणि आम्हाला सूचना देत राहिले. सहलीतला सर्वात आनंदी माणूस तेच होते. एवढं मात्र लक्षात ठेवा की "बाजूच्या पायऱ्या" म्हणजे सरकता जिना नव्हे. सुरुवातीला खाली उतरायचंच आहे आणि मग तेवढंच वर. ज्यांना तेही झेपत नाही त्यांना वरच्याच भागात बसवा.

लहान मुलं?

ज्या मुलाला स्वतःच्या पायाने जिना चढता येतो आणि जे सांगितलेलं ऐकतं, ते चढतं. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड. कडेवर मूल घेऊन चढू नका, गाइड परवानगी देत असला तरी नको: तुमचा एक हात जातो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. छोट्यांसाठी उद्यानात पाण्यात खेळायची वेगळी जागा आहे. आईबाबांनी पाळीपाळीने चढावं.

फोन, चष्मा, दागिने?

फोन गळ्यातल्या पाणबंद पिशवीत, आणि आदल्या दिवशी तिच्यात टिश्यू पेपर घालून बेसिनमध्ये दहा मिनिटं बुडवून पाहा. मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच डोहात पिशवीच्या आत फोनबरोबर चार चमचे पाणी आणि त्या पाण्यात मंदपणे चमकणारा स्क्रीन असं दृश्य होतं. वर पोचेपर्यंत तोही विझला.

चष्म्याला मागून दोरी. अंगठ्या हॉटेलवरच काढून ठेवा: गार पाण्यात बोटं आकसतात, घट्ट बसणारी अंगठीही सहज निसटते आणि कळतसुद्धा नाही. लांब मंगळसूत्र कपारीत अडकू शकतं, ते काढा किंवा टी-शर्टच्या आत घट्ट पिनेने लावा.

ऊन किती लागतं? सनस्क्रीन?

ओचो रिओस जवळपास पुण्याच्याच अक्षांशावर आहे, म्हणजे ऊन ओळखीचं. पण पाण्यात गार वाटतं आणि भाजलेलं रात्री कळतं. क्रीम फासून लगेच पाण्यात उतरलात तर ते खाली समुद्रात, प्रवाळांवर जातं आणि तुमचे तळहात तेलकट होऊन दगडावरून सुटतात. लांब बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट घाला, मग क्रीम लागतं फक्त चेहरा आणि मानेला. ते अर्धा तास आधी लावा.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

बिलकूल नाही, फक्त नावं माहीत हवीत. रास्ताफारी या जमैकातल्या पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण मुळात शाकाहारी असतं. पाटीवर हा शब्द दिसला की निर्धास्त आत शिरा. कॅललू ही माठासारखी पालेभाजी. फेस्टिव्हल म्हणजे मक्याच्या पिठाची गोडसर तळलेली लांबट पोळी, मुलं यावर दिवस काढतात. बॅमी म्हणजे कसावाची भाकरी. राइस अँड पीज म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, पण त्यात खारवलेलं मांस कधीकधी पडतं, विचारा. अ‍ॅकी हे राष्ट्रीय फळ परतून करतात, दिसायला थेट अंडाभुर्जी. ती नेहमी खारवलेल्या माशाबरोबर येते, "मासा नको" असं आधी सांगा. आणि कुणी कच्चं अ‍ॅकी झाडावरून तोडून दिलं तर खाऊ नका, न पिकलेलं फळ विषारी असतं. स्कॉच बॉनेट मिरचीबद्दल "आम्ही तिखट खातो" ही फुशारकी एकदाच मारली जाते.

खाणाऱ्यांसाठी: मेनूवरचं 'करी गोट' आपल्या लोकांचं देणं आहे. १८४५ पासून ऊसमळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले, भारतीय मजूर इथे आणले गेले, आणि त्यांच्या मसाल्याचं मटण आज जमैकाच्या प्रत्येक समारंभात असतं.

पोटभर जेवण चढून आल्यावर. आधी एखादं केळं पुरे.

बाहेर पडताना विक्रेते फार मागे लागतात, खरं का?

खरं. परतीची वाट हस्तकलेच्या बाजारातून जाते. एक युक्ती ठरलेली आहे: कुणीतरी हसून नाव विचारतो, तुम्ही सांगता, आणि बोलता-बोलता तो ते लाकडी वस्तूवर कोरूनही टाकतो. आता तुमच्या नावाची वस्तू दुसऱ्या कुणाला विकणार? मग वीस डॉलर. आमच्या थोरल्याने स्वतःचं नाव सांगितलं होतं, 'ज्ञानेश'. कारागीर पाच मिनिटं स्पेलिंगशी झटत होता, शेवटी त्यानेच नाद सोडला.

घ्यायचं नसेल तर नाव सांगू नका, वस्तू हातात घेऊ नका, नजर देऊन "नो थँक यू, रिस्पेक्ट" म्हणा आणि चालत राहा. 'रिस्पेक्ट' हा तिथला नमस्कार आहे, तो ऐकला की सूर मऊ होतो. पण ही माणसं पोटासाठी उभी आहेत, त्यांच्यावर खेकसू नका. घ्यायचं असेल तर आरामात घासाघीस करा, त्यात तुम्हाला कुणी शिकवायला नको.

गांजा विकायला आला तर?

येईल. शब्दसुद्धा आपल्याच मजुरांनी तिकडे नेलेला. २०१५ च्या कायद्याने दोन औंसांपर्यंत गांजा जवळ असणं हा अटकेचा गुन्हा राहिला नाही, दंडाचा आहे. याचा अर्थ रस्त्यावर विकत घेणं कायदेशीर झालं असा नाही, आणि तो बोटीवर किंवा विमानात नेणं हा सरळसरळ गुन्हा. "नको" म्हणा, पुढे चला.

ओचो रिओस म्हणजे आठ नद्या ना?

स्पॅनिशमध्ये हो, पण मोजायला जाऊ नका. मूळ नाव 'लास चोरेरास', म्हणजे धो धो पडणारे धबधबे, आणि त्याचाच अपभ्रंश झाला असं मानतात. १६५५ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, १६५७ मध्ये परत मिळवायला आलेल्या स्पॅनिश फौजेशी याच परिसरात लढाई झाली. स्पॅनिश हरले, नाव तेवढं मोडकंतोडकं मागे राहिलं.

त्याच दिवशी आणखी काय बघता येईल?

मुक्कामी असाल तर धबधबा सकाळी, जेवण, आणि दुपारी एकच काहीतरी. फर्न गली हा गावाच्या दक्षिणेचा रस्ता जुन्या नदीपात्रातून जातो, दोन्ही बाजूंनी नेच्यांची भिंत आणि वर झाडांचं छत. गाडीतूनच बघायचा, अर्धा तास पुरतो. व्हाइट रिव्हरवरचा ब्लू होल निळ्या डोहांत उड्या मारणाऱ्यांसाठी. गायक बॉब मार्लीचं जन्मगाव आणि समाधी असलेलं नाइन माइल याच सेंट अ‍ॅन परगण्यात आहे, नकाशावर जवळ दिसतं, पण डोंगरातला रस्ता वेळ खातो. त्याला वेगळा दिवस द्या.

एवढी गर्दी असेल तर दुसरा धबधबा नाही का?

आहेत की. पूर्वेला पोर्टलंडमध्ये रीच फॉल्स, दक्षिणेला सेंट एलिझाबेथमध्ये सात टप्प्यांचा वायएस फॉल्स. दोन्ही शांत आणि सुंदर, पण लांब. समुद्रात पाय बुडवून चढायला सुरुवात करायची असेल तर डन्स रिव्हरला पर्याय नाही. गर्दीचा उपाय जागा बदलणं नाही, वेळ बदलणं.

पाऊस आला तर?

हलकी सर आली तर काही बिघडत नाही, ओलेच असता. खरा धोका वर डोंगरात पडणाऱ्या पावसाचा, किनाऱ्यावर तेव्हा लख्ख ऊनही असू शकतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पानं वाहून येऊ लागली, आवाज वाढला, की कुणी सांगायची वाट न बघता जवळच्या वाटेने पायऱ्यांवर निघा. जोराच्या पावसानंतर चढाई बंद ठेवतात. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही.

क्रूझमधून येतोय. बोटीची सहल घ्यावी की स्वतः टॅक्सीने जावं?

स्वतः गेलात तर पैसे बरेच वाचतात आणि बसच्या आधी पोचता येतं. बोटीच्या सहलीत जादा पैसे मोजता ते मुख्यतः एकाच गोष्टीचे: त्यांची बस अडकली तर बोट थांबते. तुमची टॅक्सी अडकली तर थांबत नाही.

आणि घड्याळ! जमैकात वर्षभर एकच वेळ असते, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. फ्लोरिडाहून निघालेली बोट मात्र अनेकदा स्वतःचीच वेळ चालू ठेवते. म्हणजे मार्च ते नोव्हेंबरच्या दरम्यान बोटीवर चार वाजले असताना गावात तीनच वाजलेले असतात, आणि फोन जमिनीवर उतरल्याबरोबर शहाणपणाने गावाची वेळ दाखवायला लागतो. उतरताना बोटीच्या दारावर परतीची वेळ लिहिलेल्या फलकाचा फोटो काढा, मनगटावर बोटीच्या वेळेचं साधं घड्याळ बांधा आणि त्याला हात लावू नका. आम्ही वर डेकवर रेलिंगला टेकून नारळपाणी पीत होतो तेव्हा खाली लांबलचक धक्क्यावरून एक जोडपं ओल्या कपड्यांत पळत येताना दिसलं, त्याच्या हातात चार वॉटर शूज, तिच्या हातात लाकडी मुखवटा. वरून शे-दीडशे माणसं टाळ्या वाजवत होती. शिडी काढायला घेतलेली, ती पुन्हा लावली. प्रत्येक वेळी लावतातच असं नाही.